कुंभार्ली उतरून बामणघळीपर्यंत

जत, विटा, कडेगाव, कराड, पाटण. या पट्ट्यातल्या बायकांना एक नाव लहानपणापासून पाठ असतं, गुहागर. कारण आपल्या दारावरून जाणारा रस्ता 'गुहागर-विजापूर' रस्ता. मैलाच्या दगडावर ते नाव आपण शाळेला जाताना वाचलं, लग्न होऊन सासरी येताना वाचलं, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं एसटी रेंगाळली की खिडकीतून पुन्हा वाचलं. पण त्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेलेल्या किती जणी आहेत, विचारून बघा बरं! विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या निघतील. गणपतीपुळ्याला नवस फेडायला गेलेल्या तर घरटी एक निघेल. गुहागरकडं मात्र कुणी वळत नाही. आणि गुहागरच्याही पुढं वीस-पंचवीस किलोमीटरवर हेदवी म्हणून गाव आहे, तिथं समुद्राकाठी वाळू कमी नि काळा कातळ जास्त, हे तर आपल्याला ठाऊकच नसतं.

आमच्या भिशीतल्या आम्ही सात जणी पौषातल्या संकष्टीला तिकडं जाऊन आलो. आठव्या माझ्या सासूबाई, आत्याबाई. वय पंचाहत्तर. भिशीतल्या नसल्या तरी या सहलीचं मूळ त्यांच्यातच आहे. घरोघरी 'खडकात काय बघायचं?' हा प्रश्न विचारून झाला, 'बायाबायाच जाणार?' हाही विचारून झाला. शेवटी ओळखीचा ड्रायव्हर, दोन दिवस, एक मुक्काम यावर गाडी सुटली. त्याचं चऱ्हाट इथं लावत नाही. प्रत्येकीच्या घरी ते थोड्याफार फरकानं तेच असतं.

आत्याबाईंचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. साठच्या दशकात धरण झालं, शिवसागर भरला आणि जावळी-पाटणच्या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. कुणी सोलापूरकडं, कुणी सांगलीकडं, कुणी घाट उतरून पार रायगड-ठाण्याकडं गेलं. आत्याबाई तेव्हा दहा-बारा वर्षांच्या. देवळातला देव बैलगाडीत घालून आणला एवढं त्यांना आठवतं, आणि आईनं उंबऱ्यावर शेवटचं पाणी घातलेलं. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. नव्या जागी घातलेल्या भिंती त्या रात्री पडल्या. धरणग्रस्तांच्या जमिनीचे प्रश्न तर अजून मिटलेले नाहीत, अगदी अलीकडच्या वर्षांतसुद्धा कोयनानगरला बायामाणसं ठिय्या मांडून बसली होती. असो. तर या आत्याबाई कित्येक वर्षं एकच म्हणायच्या, "आमच्या गावावरचं पानी जातंय कुठं, त्ये एकदा डोळ्यानं बघायचंय मला."

त्या म्हणतात त्यात अर्थ आहे. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर समोरासमोर भेटतात आणि पुढं सांगलीकडं, पूर्वेला जातात. ही झाली भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट. पण धरण झाल्यावर कोयनेचं पुष्कळसं पाणी कऱ्हाडला येतच नाही. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी ते पश्चिमेला, खाली पोफळीला नेलंय. तिथं जमिनीखालच्या वीजघरात त्यावर वीज तयार होते, आणि काम झालेलं पाणी वाशिष्ठी नदीत सोडतात. कृष्णा पाणीतंट्याच्या लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी ठरवून दिलेलं आहे. अख्ख्या धरणाची साठवण १०५ टीएमसी, त्यावरून अंदाज करा. म्हणजे आपल्या मिक्सरला, आपल्या पिठाच्या गिरणीला वीज देऊन आपलं पाणी चिपळूणवरून जातं आणि दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळतं. उन्हाळ्यात आपल्याकडं विहिरी तळाला गेल्या तरी वाशिष्ठी वाहती दिसते ती यामुळं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीनं आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणनं पुराचं पाणी माडीपर्यंत पाहिलं. दोन्हीकडच्या बायकांनी तोच चिखल उपसला.

हेळवाक सोडलं की कुंभार्लीचा घाट लागतो. वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी लिंबू जवळ ठेवावं. घाट उतरताना हवा अंगाला चिकटू लागते, आणि घरांचे दगड बदलतात. वर काळा दगड, खाली तांबडा जांभा. हा जांभा काही आपल्याला परका नाही. कासच्या पठारावर ज्या खडकावर फुलं येतात तोही जांभाच. आणि जांभ्याच्या खाली सगळीकडं तोच काळा कातळ, बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. अजिंक्यताऱ्याचा कडा, आपल्या शेतातला धोंडा आणि हेदवीचा किनारा, तिन्ही एकाच चुलीवरची भाकरी आहे म्हणा ना.

माणसांचं येणं-जाणंही या घाटांतून असंच झालेलं. सांगलीत हरभट रोडवर साड्या घ्यायला आपण जातो, ते हरभट म्हणजे पटवर्धन घराण्याचे मूळपुरुष. ते मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे, गणपतीचे भक्त. सांगलीच्या गणपतीची भक्ती अशी कोकणातून वर आलेली आहे. साताऱ्याजवळच्या धावडशीला समाधी असलेले ब्रह्मेंद्रस्वामी, पहिल्या बाजीरावांचे गुरू, आधी चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री राहायचे. १७२७ साली सिद्दीच्या माणसांनी ते देवस्थान लुटलं तेव्हा स्वामी घाट चढून धावडशीला आले. मला वाटतं, आपण उगीच घाटावरचे आणि कोकणातले असा भेद करतो.

चिपळूणहून गुहागर चव्वेचाळीस किलोमीटर. व्याडेश्वराचं दर्शन, लांबच लांब वाळू, सुरूची झाडं. गुहागरच्या या वाळूत हिवाळ्यात समुद्रकासवं अंडी घालायला येतात, रात्री. ते सगळं छान आहे, आणि गर्दीही आहे. आम्ही तिथं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हेदवीला निघालो.

संकष्टीच का? तर हेदवीला टेकडीवर दशभुज गणपती आहे. पांढऱ्या पाषाणाची मूर्ती, दहा हात, मांडीवर सिद्धलक्ष्मी. पेशव्यांच्या काळात केळकरस्वामी नावाच्या साधुपुरुषानं हे देऊळ बांधलं असं गावात सांगतात. संकष्टीला दर्शन हे एक कारण झालंच. पण दुसरं कारण समुद्राचं आहे आणि ते मैत्रिणींनो, नीट वाचा, कारण कातळाच्या किनाऱ्यावर जायचं तर कालनिर्णय बघूनच जायचं असतं.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणातल्या बायका तिथीवर करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नवाला, पुरी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि भरदुपारी ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. हा अदमास आहे, अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं. पण आपण उपासतापासाच्या निमित्तानं तिथी पाठ ठेवणाऱ्या बायका, आपल्याला हे गणित किती सोपं! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्र जास्त वर येतो नि जास्त मागं जातो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपासची भरती मवाळ, तिला भांगाची भरती म्हणतात. संकष्टी पौर्णिमेनंतर लगेच येते, त्यामुळं उधाणाचा जोर अजून उरलेला असतो. सकाळी कातळ पुष्कळ उघडा पडतो आणि दुपारी पाणी जोरात येतं. एका दिवसात दोन्ही बघायला मिळतात.

टेकडीवरून उतरून गावातून समुद्राकडं गेलं की उमामहेश्वराचं छोटं देऊळ लागतं. कातळाला लागूनच. आम्ही पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि आमच्याखेरीज तिथं एक कुत्रं होतं, बस्स. ना भेळेची गाडी, ना घोडागाडी. समोर काळ्या खडकाचं अंगण, लांबवर पसरलेलं, थोडं उतरतं, जागोजागी पाण्यानं भरलेल्या खळग्यांचं. लाटा हजारो वर्षं डोंगराचा पायथा कापत आल्या आणि कापून उरलं ते हे अंगण. भरतीला ते पाण्याखाली जातं.

या खळग्यांपाशी गुडघे मोडून बसायला हवं. उभ्यानं काही दिसत नाही. आधी नुसतं स्वच्छ पाणी वाटतं. मग एक शंख चालू लागतो. आत गोगलगाय नसते, खेकडा असतो, दुसऱ्याच्या रिकाम्या घरात बिऱ्हाड केलेला. खडकाच्या सांदीत फुलासारखं काहीतरी पाकळ्या पसरून असतं. सावली पडली की आक्रसून गोळा होतं. ते समुद्रफूल. फूल नव्हे, प्राणी आहे तो, पाकळ्यांनी भक्ष्य धरतो. बोटभर लांबीचे मासे या खळग्यातून त्या खळग्यात उड्या मारतात. आणि खडकावर पांढरट, खडबडीत, धारदार पुटकुळ्यांचा थर असतो, त्यातही जीव असतो. पाणी आलं की झाकण उघडतो, पाणी ओसरलं की मिटून घेतो. यांच्यावर अनवाणी पाय पडला तर सुरीनं कापल्यासारखा कापतो. म्हणून मागं पट्टा असलेली चप्पल घालावी, घरातली सपाता नको. हिरवं शेवाळ दिसेल तिथं तर पायच ठेवायचा नाही.

कडेला दोन बायका वाकून काम करत होत्या. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, हातात लोखंडी टोकदार हत्यार, कमरेला डबा. कालवं काढत होत्या. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. वरचं कवच फोडून आतला मऊ गोळा अलगद काढायचा. हात सारखे खारट पाण्यात आणि कवचाची धार बोटाला. एकीनं हात दाखवला, आपल्या ऊसतोडीच्या बायकांसारखाच होता. डबा भरायला किती वेळ, तर म्हणाल्या, दोन-तीन तास पाणी लांब असतं तेवढाच वेळ. "आज अजून बरं हाय. उद्या एवढं नाय जायचं पाणी," असं एकजण म्हणाली. घड्याळ तिच्याकडं नव्हतं. आम्ही त्यांच्याकडून वाटीवर कालवं घेतली. तिखट-हळद, ओलं खोबरं, कोकम, एवढ्यावर होतात, असं त्यांनीच सांगितलं. संकष्टी धरलेल्या चौघींनी नाकं मुरडली, उरलेल्या तिघींनी डबे पुढं केले.

देवळापासून थोडं पुढं गेलं की बामणघळ. कातळाच्या अंगणात समुद्राच्या बाजूनं आत शिरलेली एक उभी, अरुंद, खोल चीर. उडी मारून ओलांडता येईल असं वाटतं, आणि हेच तिचं वाईट. लाव्हा थंड होताना आक्रसला तेव्हा खडकाला ज्या भेगा पडल्या, त्यातली एखादी लाटांनी कोरत कोरत अशी घळ होते. कोणे एके काळी एक ब्राह्मण हिच्यात पडला, म्हणून बामणघळ, अशी गोष्ट सांगतात. सकाळी ओहोटीला बघितलं तर तळाशी नुसतं पाणी चुबकत होतं. एक मैत्रीण म्हणालीसुद्धा, "एवढ्यासाठी आलो?"

दर्शन, जेवण करून दोनला परत आलो. सकाळी आम्ही बसलो होतो ते खळगे कुठं होते हे दाखवता येईना. अंगण अर्धं गेलं होतं. समुद्राची लाट घळीच्या तोंडाशी यायची, आत शिरायची, निमुळत्या जागेत तिला मागं वळायला वाव नाही, आत कोंडलेली हवा दबायची, आणि मग आधी घशातून यावा तसा एक घुमा आवाज आणि त्यामागं पांढरं पाणी सरळ वर. घराच्या माडीच्या वर गेलं असेल. ऊन पडलेलं असलं की त्या तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. नंतर पाणी खडकावर पसरून घळीत परत ओढलं जातं. आम्ही बरंच मागं उभ्या होतो तरी तोंडावर खारट शिंतोडे आले.

इथं एक गोष्ट कडक शब्दांत लिहिते. पाच लाटा लहान येतात, सहावी मोठी येते. ती कधी येईल याचा नेम नाही. फोटोसाठी घळीच्या काठावर जाणं म्हणजे विहिरीच्या कठड्यावर उभं राहून नाचणं. आणि वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा खाली ओढून नेणारं पाणी वाईट. पोहायला येतं म्हणून काही उपयोग नाही, कारण दोन्ही बाजूंना धारदार खडक. आमच्यासमोरच मोटारसायकलवरून आलेली तीन पोरं काठावर गेली. आमच्या भिशीतल्या शिक्षिकाबाईंनी वर्गात ओरडतात तशी आरोळी ठोकली, तेव्हा आली मागं. पोरं तोंड वाकडं करून गेली, जाईनात का! पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, समुद्र खवळलेला असतो, तेव्हा तिकडं फिरकूच नये. ज्येष्ठांना घेऊन गेलात तर देवळाच्या पायरीवरूनही बरंच दिसतं. आत्याबाईंनी सगळं तिथूनच पाहिलं. हात जोडले आणि म्हणाल्या, "ह्यो का समुद्र! मला वाटलं हुतं लई आवाज करत आसंल. ह्यो तर दम घेत घेत बोलतोय."

परतीच्या वाटेवर आम्ही सरळ चिपळूण न धरता गुहागरच्या उत्तरेला धोपाव्याला गेलो. तिथून दाभोळला जाणारी फेरीबोट आहे, माणसं, मोटारसायकली, गाड्या सगळं घेऊन खाडी ओलांडते. जाताना डावीकडं अंजनवेलचा गोपाळगड आणि वीज प्रकल्पाची धुरांडी दिसतात. हाच तो एन्रॉनचा प्रकल्प. १९९७ साली त्याच्याविरुद्ध शेजारच्या वेलदूरच्या कोळणी उभ्या राहिल्या, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या. २००१ मध्ये ती कंपनीच बुडाली. वीज करण्यासाठी आत्याबाईंचं गाव गेलं ते वर, आणि विजेच्याच नावानं खाली या बायका उठल्या, एकाच पाण्याच्या दोन टोकांना.

फेरीबोटीत आत्याबाईंना बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं, "आत्याबाई, ही वाशिष्ठी. पोफळीहून येते ती हीच. तुमच्या गावावरचं पाणी ह्यात आलंय."

त्या बराच वेळ कठड्याला धरून खाली बघत होत्या. पाणी गढूळ, हिरवट, संथ होतं. त्यांच्या हातातल्या पिशवीत काय आहे ते मला सकाळपासून कळलं नव्हतं. त्यातून त्यांनी कागदाची पुडी काढली. हळदकुंकू, थोडे गहू आणि बांगड्या, हिरव्या काचेच्या दोन. नदीची ओटी भरायची आपली पद्धत आहेच. आम्हाला वाटलं, सगळं पाण्यात सोडतील. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, गहू सोडले. बांगड्या मात्र पुन्हा पुडीत बांधल्या.

"ह्या नको," म्हणाल्या. "काच हाय. खाली त्या बाया हात घालत्यात."

बोट दाभोळला लागून परत फिरली तेव्हा पाच वाजून गेले होते. एवढ्यात निघालं तरी थंडीच्या दिवसांत कुंभार्ली अंधारातच चढावी लागते. घाटात रात्री धुकं असतं, शिवाय कठड्याची कामं कुठंकुठं चालूच असतात, म्हणून आम्ही चिपळूणला चहासाठीही थांबलो नाही. एसटीनं जाणाऱ्यांनी कऱ्हाडहून सकाळची चिपळूण गाडी धरावी, चिपळूणहून गुहागरला गाड्या आहेत, गुहागरहून हेदवीला मात्र वेळ विचारून घ्यावी, गाड्या थोड्या आहेत. जेवण गावातल्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदकसुद्धा मिळतात. आणि जाण्याआधी कालनिर्णय बघायला विसरू नका. तिथी किती, तिची पाऊणपट किती.